भोंगा, घड्याळ आणि राउटर

सोलापुरात एकेकाळी सगळ्या गावाला एकाच क्षणी मिळणारं नोटिफिकेशन होतं, आणि ते म्यूट करायची सोय नव्हती. गिरणीचा भोंगा. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे लोकांच्या तोंडची 'जुनी मिल', १८७७ साली सुरू झाली. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. भोंगा पाळीवर येणाऱ्या कामगारांसाठी असायचा, पण त्यावर चूल पेटायची, पोरं शाळेत निघायची आणि ज्यांचा गिरणीशी काडीचा संबंध नाही तेही घड्याळं लावून घ्यायचे.

भोंगा वाजला नाही तर ती आणखी मोठी बातमी. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला, आणि ते भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. मालमत्तेच्या हक्कावरचे ते निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही सोलापूरच्या नावाने वाचतात. गिरणीच्या चाळीत राहणाऱ्यांना मात्र एवढा पसारा कळायची गरज नव्हती. ठरल्या वेळी आवाज आला नाही, यातच सगळं आलं.

हे सांगतोय ते वायफायच्या डब्याबद्दल लिहायचंय म्हणून. राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲडमिनिस्ट्रेशन', 'लॉग', 'अलर्ट' अशी पानं असतात आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ती कधी उघडलेली नसतात. त्या पानांचा इतिहास या न वाजलेल्या भोंग्यापासून फार लांब नाही.

इंटरनेटचा पूर्वज म्हणजे अमेरिकेतलं आर्पानेट, १९६९ सालचं. त्याच्या प्रत्येक ठिकाणी आजच्या राउटरचा आजोबा शोभेल असं कपाटाएवढं यंत्र होतं. ती यंत्रं बनवणाऱ्या बीबीएन कंपनीने केंब्रिजमधल्या आपल्या कचेरीत एक नियंत्रण कक्ष थाटला. प्रत्येक यंत्र ठरावीक अंतराने तिथे निरोप पाठवायचं: मी चालू आहे, माझ्या तारा ठीक आहेत. निरोप आला नाही, की ते यंत्र गेलं असं धरायचं. मग बीबीएनची माणसं हजारो किलोमीटरवरच्या टेलिफोन कंपनीला फोन करून सांगत, तुमची अमुक दोन गावांमधली लाइन खराब झाली आहे. पलीकडच्याला पटायचंच नाही. लाइन त्यांची, गाव त्यांचं, आणि बिघाड सांगणारा तिसऱ्याच शहरात बसलेला!

माझा या सगळ्याशी संबंध आला तो मामांच्या कारखान्यामुळे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. राउटर ऑफिसच्या कपाटावर, त्यावर सुताच्या तुसाचा थर, उन्हाळ्यात हात लावला तर चटका बसावा इतका गरम. तो कुणीतरी बसवून दिला आणि गेला. एके दिवशी दिवाणजींचा मला पुण्यात फोन आला. "बँकेचं पान आज एटीएमचा पिन विचारतंय. एरवी विचारत नाही. आणि ते कुलपाचं चिन्ह पण दिसेना." त्यांनी पिन टाकला नाही. माझ्या मते त्या महिन्यात कारखान्यातलं सगळ्यात मोलाचं काम तेच झालं.

राउटरमध्ये डीएनएसचे दोन आकडे बदललेले होते. डीएनएस म्हणजे चौकातला पानवाला समजा. तुम्ही दुकानाचं नाव सांगता, तो वाट दाखवतो. पानवालाच फितवला तर तुम्ही बिनधास्त भलत्या दारात जाऊन उभे राहता. ही युक्ती काही नवी नव्हती. २०११ मध्ये ब्राझीलमध्ये अशाच प्रकारे ४५ लाख मोडेम बिघडवले गेले, आणि बँकेची खरी वेबसाइट समजून लोक चोरांच्या पानांवर पासवर्ड टाकत राहिले.

चोर आत आला कसा, हे शोधायला फार अक्कल लागली नाही. आमच्या राउटरचं युजरनेम 'ॲडमिन' होतं आणि पासवर्डही 'ॲडमिन'. शिवाय बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून, तो चालवायची सोय उघडी होती.

'ॲडमिन' या शब्दाला स्वतंत्र इतिहास आहे. १९८८ च्या ऑगस्टमध्ये नेटवर्कवरच्या यंत्रांची दुरून विचारपूस करण्यासाठी एसएनएमपी नावाची पद्धत जाहीर झाली. तिच्यात पासवर्डच्या जागी एक परवलीचा शब्द असायचा, आणि वर्षानुवर्षं बहुतेक यंत्रांत तो होता 'पब्लिक'. नुसतं वाचायला 'पब्लिक', बदल करायला 'प्रायव्हेट'. तेव्हा नेटवर्कवरचे लोक एकमेकांना ओळखत, त्यामुळे चाललं. (त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॉरिस वर्म सुटला आणि ही ओळखीची दुनिया संपली, पण परवलीचा शब्द तसाच राहिला.) पुढे राउटर घरोघरी गेले. प्रत्येक डब्याला वेगळा पासवर्ड देणं कारखानदारांना महाग वाटलं, आणि लाखो कुलपांना एकच किल्ली लागू लागली.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने ही किल्ली जगभर फिरवली. त्याच्याजवळ साठेक तयार युजरनेम-पासवर्डांची यादी होती, बाकी काही नाही. तेवढ्यावर त्याने कॅमेरे आणि राउटर यांची फौज उभी केली, आणि २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या कित्येकांना ट्विटर, नेटफ्लिक्स उघडेना. पुढच्या वर्षी ती झळ आपल्या शेजारात आली. जुलै २०१७ च्या अखेरीस बीएसएनएलचे मोडेम पटापट मरू लागले. कर्नाटकात, म्हणजे सोलापूर जिल्ह्याला लागूनच सुरू होणाऱ्या मुलखात, हजारो मोडेम बंद पडले. तेव्हाच्या बातम्यांतला आकडा ६० हजारांच्या वरचा होता. हे आपण केलं असा दावा ब्रिकरबॉटच्या कर्त्याने केला. हा प्रोग्राम सोप्या पासवर्डने आत शिरायचा आणि यंत्राची स्मृतीच पुसून टाकायचा. राहिली ती नुसती वीट. त्याचं म्हणणं असं की असुरक्षित यंत्रं चोरांच्या हाती लागण्यापेक्षा मेलेली बरी. बीएसएनएलने ग्राहकांना आवाहन केलं: पासवर्ड बदला. पासवर्ड बदलायचा असतो हे कित्येकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असणार.

तर, आमच्याकडे चोर कधी आला? दिवाणजींना त्या दिवशी शंका आली, पण त्याआधी? आधीच्या आठवड्यात जीएसटीचं लॉगिन झालं होतं, पगाराचे पैसे गेले होते. मामांचा प्रश्न अगदी साधा होता. "अरे, कोणत्या तारखेपासून घाबरायचं तेवढं सांग."

मी लॉगचं पान उघडलं. प्रत्येक नोंदीपुढे तारीख होती १ जानेवारी १९७०.

संगणकांच्या एका मोठ्या घराण्यात काळाची मोजणी त्या दिवसापासून सुरू होते. स्वस्त राउटरमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज गेली की त्याचा काळ शून्यावर येतो, आणि खरी वेळ कुणाला विचारायची हे सांगून ठेवलं नसेल तर तो १९७० मध्येच जगत राहतो. शिवाय आमच्या डब्यात शेवटच्या मोजक्याच नोंदी राहायच्या आणि वीज गेली की त्याही पुसल्या जायच्या. बाहेरून कुणीतरी लॉगिन केलं होतं, हे दिसत होतं. कधी, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं.

एकच वेळ सगळ्यांनी मानायची, ही गोष्ट सोलापूरला रेल्वेने शिकवली. १८६० मध्ये गाडी इथे आली आणि १८७१ मध्ये रायचूरला मुंबईचा मार्ग मद्रासच्या मार्गाला जोडला गेला. त्या काळात रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले. मद्रास सोलापूरच्या पूर्वेला, त्यामुळे इथे सूर्य डोक्यावर आला तेव्हा त्या वेळेने १२ वाजून १७ मिनिटं झालेली असत. उन्हाकडे बघून निघालेल्याची गाडी चुकणार हे ठरलेलं. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि सूर्य आणखी मागे पडला, तब्बल २६ मिनिटं. कुणाला ही जबरदस्ती वाटली असेल, पण एकाच रुळावर दोन गाड्या सोडायच्या तर दोन स्टेशनांच्या वहीतली वेळ जुळावीच लागते.

राउटरच्या जगात हे काम एनटीपी करतं. १९८५ पासून डेव्हिड मिल्स यांनी ते घडवत नेलं. आपल्याकडे आता त्याला सरकारी वजनही आहे. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशाने कंपन्यांना आणि सेवा देणाऱ्यांना सांगितलं की घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा, लॉग १८० दिवस ठेवा, आणि घातपात कळल्यापासून ६ तासांत कळवा. सहा तासांच्या मुदतीवर खूप ओरड झाली. लहान कारखान्याला ती झेपणार नाही, हे मलाही पटतं. पण १९७० ची तारीख पाहिल्यापासून घड्याळाच्या अटीबद्दल माझी तक्रार नाही.

आम्ही सगळे पासवर्ड बदलले, बँकेच्या शाखेत जाऊन सांगितलं. पैसे गेले नव्हते. नवा राउटर आणला, बाहेरून चालवायची सोय बंद केली, वेळ जुळवली, आणि लॉग ऑफिसातल्या एका जुन्या संगणकावर साठायला लावला. नोंदी अशा दुसरीकडे धाडायची पद्धत म्हणजे सिसलॉग. ती १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी आपल्या मेलच्या प्रोग्रामसाठी केली होती. तिच्यात गांभीर्याच्या आठ पायऱ्या आहेत: शून्य म्हणजे घर पेटलंय, सात म्हणजे नुसती बडबड.

मी उत्साहाने चौथ्या पायरीपर्यंतचं सगळं मामांच्या फोनवर सोडलं. दोन दिवसांत दीडशे मेसेज. "तुझा तो डबा बायकोपेक्षा जास्त बोलतो," मामा म्हणाले. मामी तिथेच होत्या, त्यामुळे पुढचा संवाद इथे देत नाही. पण मामांचं दुखणं खरं होतं. दर पाच मिनिटांनी वाजणाऱ्या भोंग्यावर कुणी चूल पेटवली नसती.

शेवटी तीनच अलर्ट ठेवले. कुणी ॲडमिनच्या पानावर शिरलं तर. डीएनएस किंवा पासवर्ड बदलला तर. आणि लाइन मेली तर. तिसऱ्यात गंमत अशी की लाइन मेल्यावर राउटर निरोप पाठवणार कशावरून? म्हणून उलटं केलं. ऑफिसातला तो जुना संगणक दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एका सर्व्हरकडे हजेरी लावतो. तीन हजेऱ्या चुकल्या की सर्व्हर मला पुण्यात कळवतो. बीबीएनचीच रीत, फक्त पन्नासहून जास्त वर्षं जुनी. परवा मी मामांना फोन करून सांगितलं की तुमच्याकडे वीज गेलीये. ते घरी जेवत होते. त्यांनाच माहीत नव्हतं.

नवा पासवर्ड एका लिफाफ्यात घालून दिवाणजींच्या कपाटात ठेवलाय, हिशेबाच्या वह्यांशेजारी. पासवर्ड कागदावर लिहू नये, असं मी त्यांना म्हणून पाहिलं. "मग तुला काय झालं तर आम्ही कुणाला विचारायचं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पासवर्ड बदलायचा दिवसही त्यांनीच ठरवला, दिवाळीचा पाडवा. वहीपूजन झालं की लगेच.