पगार लेकाचा, भाडं आईचं

लेकरू कमावतं झालं की आईला हायसं वाटतं. पण त्याच पगारामुळे तिची सरकारी मदत कापली गेली तर? ब्रिटनमध्ये हा वाद नव्वद वर्षांहून जुना आहे. आज त्याचा इतिहास बघू, कारण आपल्या घरकुलाच्या यादीतही तोच प्रश्न आहे.

१९३१ साली तिथे बेकारी फार वाढली होती. सरकारने नियम केला, की ठरावीक मुदतीनंतरही बेकारभत्ता हवा असेल तर सगळ्या घराची मिळकत तपासायची. याला ‘मीन्स टेस्ट’ म्हणत. तपासनीस घरात येऊन सामानसुमान बघत. लेक गिरणीत कामाला असली, तर तिची मजुरी धरून बापाचा भत्ता कमी करत. बापाला लेकीपुढे हात पसरावा लागे. मग कित्येक तरुण मुलं घर सोडून गेली, काहींनी नुसता पत्ता नातेवाइकांचा दिला. पोट भरण्यासाठी घरं फुटली. लोक रस्त्यावर उतरले, १९३२ मध्ये लंडनवर भूकमोर्चा गेला. शेवटी १९४१ मध्ये कायदा करून सगळ्या घराची ही तपासणी बंद केली.

प्रश्न मात्र संपला नाही. १९८२-८३ मध्ये गरिबांना घरभाड्यासाठी ‘हाउसिंग बेनिफिट’ सुरू झालं. त्यात नियम असा, की अठरा वर्षांवरचं कमावतं मूल सोबत राहत असेल, तर ते भाड्याला हातभार लावतं असं धरून आईची मदत कापायची. पगार मोठा तशी कपात मोठी. लेक खरोखर आईच्या हातात किती पैसे ठेवतो, हे बघितलं जात नाही. आई अंध असेल तर कपात होत नाही. दहा वर्षं न वाढलेली ही कपात २०११ पासून भराभर वाढवली. २०१३ पासून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ आलं. त्यात एकवीस वर्षांवरच्या मुलामागे सरसकट एकच रक्कम कापतात, पगार कितीही असो.

आता आपल्याकडे या. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत एकत्र राहून एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब, असं धरलं. त्याच माहितीवर २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेची ग्रामीण यादी उभी राहिली. घरातल्या कुणाही एकाची कमाई महिना दहा हजारांवर गेली की सगळं कुटुंब बाद. २०२४ मध्ये ही मर्यादा पंधरा हजार झाली. म्हणजे लेकाला कंपनीत सोळा हजारांची नोकरी लागली, तर पडक्या भिंतीत राहणारी आईही यादीबाहेर.

एका चुलीवर जेवणारे सगळे एकाच खिशातून खर्च करतात, हे सरकारने धरलेलं आहे. आपल्याला ठाऊक आहे, तसं दर घरात नसतं. म्हणून खोटी चूल वेगळी मांडू नका, त्यात घरही तुटतं आणि कागदही खोटा ठरतो. खरी चूल वेगळी असेल, तर सर्वेक्षणाच्या वेळी तसं स्पष्ट सांगा. यादी ग्रामसभेपुढे येते, तेव्हा गटाने मिळून हजर राहा आणि नाव का कापलं ते विचारा. ब्रिटनमधला १९३१ चा नियम लोक बोलले म्हणूनच बदलला.