घरचें मेज आणि शाळेंतील करवत

चार पाये, चार आडव्या पट्ट्या आणि त्यांवर एक फळी. लहानशा मेजाचें सर्व साहित्य एवढेंच. तथापि तें एकत्र जोडण्यास नुसते खिळे पुरत नाहींत, हें ज्यानें स्वतः करवत हातीं घेतली त्यालाच कळतें. पायास खोबण पाडावी, पट्टीच्या टोकास कुसूं काढावें, काटकोन गुण्यानें तपासावा, आणि मगच सरस लावावा. एक पाया किंचित् आखूड झाला तर मेज डुगडुगूं लागतें, व करणाराची चूक नित्य त्याच्या डोळ्यांपुढें उभी राहते. अशा या क्षुल्लक वाटणाऱ्या कामास शिक्षणाच्या इतिहासांत मानाचें स्थान कसें मिळालें, हें आज आम्हांस पाहावयाचें आहे.

उत्तर युरोपांतील शेतकरी हिवाळ्याच्या दीर्घ रात्रीं घरच्या घरीं चमचे, बाकें, मेजें करीत असत. कारखान्यांचा माल स्वस्त होऊं लागला तशी ही घरगुती विद्या मागें पडली. तिला शाळेंत आश्रय देण्याचा मान फिनलंडच्या उनो सिग्नेउस यांजकडे जातो. १८६३ सालीं युवास्क्युला येथें निघालेल्या शिक्षक-विद्यालयाचे ते पहिले प्रमुख होत. आणि १८६६ च्या फर्मानानें तेथील ग्रामीण शाळांत मुलग्यांस हस्तोद्योग आवश्यक झाला. स्वीडनमध्यें गोटेनबर्गजवळ नॅस येथें ऑटो सालोमोन यांनीं आपले आप्त ऑगस्ट अब्राहमसन या व्यापाऱ्याच्या आश्रयानें १८७२ त मुलांची शाळा व १८७५ त शिक्षकांचा वर्ग काढला. १८७७ त ते स्वतः सिग्नेउस यांस भेटून आले. पुढें देशोदेशींचे शिक्षक नॅसला येऊन रंधा मारूं लागले.

सालोमोन यांची पद्धति साधी होती. प्रथम हातीं चाकू द्यावा व एक छडी तासावयास सांगावी; तींत हात बसला म्हणजे पुढची, थोडी कठिण वस्तु. वस्तु घरांत उपयोगी पडणारी असावी, आणि ती मुलानें आरंभापासून शेवटपर्यंत एकट्यानें करावी. सुतार निर्माण करणें हा हेतु नव्हे. श्रमाविषयीं आदर, नेटकेपणा व सावधानता अंगीं बाणणें हा हेतु.

आतां आमच्याकडे पाहूं. महाराष्ट्राच्या गांवगाड्यांत सुतार हा बलुतेदार. नांगर त्यानें घडवावा आणि सुगीला धान्याचा वांटा न्यावा. पांढरपेशाच्या घरीं पाट होता, चौरंग होता; पण ते घडविणारा हात निराळा व त्यांवर बसून पोथी वाचणारा निराळा. अक्षर एका आळींत व हत्यार दुसऱ्या आळींत, अशी ही वांटणी जन्मानेंच ठरलेली. इंग्रजी शाळेनें पोथीच्या जागीं पुस्तक आणलें. वांटणी बहुतांशीं तशीच ठेवली.

या वांटणीवर १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथील शिक्षण-परिषदेंत घाव पडला. गांधीजींनीं शिक्षण उद्योगाच्या द्वारें द्यावें असें मांडलें, आणि झाकिर हुसेन समितीनें योजिलेल्या मूलोद्योगांत सुतारकामही होतें. परंतु वर्ध्याचा व नॅसचा मार्ग एकच नव्हे. मुलांनीं केलेल्या मालांतून शिक्षकाचें वेतन निघावें अशी गांधीजींची अपेक्षा होती. सालोमोन यांनीं कमाईचा हेतु शिक्षणापासून दूर ठेविला. पहिल्या मार्गांत मूल मजूर होण्याचें भय आहे. दुसऱ्यांत उद्योग ही सुखवस्तूंची करमणूक होण्याचें. प्रत्यक्षांत आमच्या बहुतेक शाळांनीं दोन्ही भयें एकदमच टाळलीं, कारण हत्यारच हातीं घेतलें नाहीं. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगानें पुरस्कारिलेला कार्यानुभवही बहुधा वेळापत्रकांतील एका तासापलीकडे गेला नाहीं.

म्हणूनच ज्याला शक्य आहे त्यानें घरीं एक मेज करून पाहावें असें आम्ही म्हणतों. त्याची फळी पावसाळ्यांत आडवी फुगते व उन्हाळ्यांत आकसते. ती चोहोंकडून घट्ट ठोकली तर तडकते, म्हणून तिला हलावयास थोडी जागा ठेवावी लागते. गांवचा सुतार हें पिढ्यान्‌पिढ्या जाणत होता, आणि त्याला आम्ही अडाणी म्हणत होतों. पहिली फळी तडकेल तेव्हां आपणांस त्याची आठवण होईल. तेवढी झाली तरी लांकूड वायां गेलें असें आम्ही समजणार नाहीं.