पुंगळीच्या गळ्याची कुळकथा

लष्करी काडतुसाच्या पुंगळीच्या गळ्याशी निळसर-तपकिरी पट्टा असतो. तेवढा भाग तापवून नरम केल्याची ती खूण; म्हणून कारखाने ती घासून काढत नाहीत. या पट्ट्याचं कूळ शोधत गेलं की गाठ पडते आपल्या पावसाळ्याशी.

१८६६ मध्ये एडवर्ड बॉक्सरने पितळी पत्रा गुंडाळून काडतूस बनवलं. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळा कारखाना निघाला. पुढे पितळ ओढून अखंड पुंगळ्या होऊ लागल्या आणि हिंदुस्थानातल्या फौजेत भलतंच घडू लागलं: पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं न झाडताच तडकायची. साहेबांनी दोष ऋतूवर ढकलला, नावही 'सीझन क्रॅकिंग' ठेवलं. उलगडा झाला १९२१ मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी दाखवलं की घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढताना पितळात राहून गेलेला ताण एकत्र आले की तडा जातो. पाऊस थांबवणं हाती नव्हतं. पितळ बेताचं तापवून ताण घालवणं मात्र जमण्यासारखं होतं.

ठोकून कडक झालेलं भांडं पुन्हा भट्टीत घालणाऱ्या पुण्याच्या तांबटांना यात नवल वाटलं नसतं.

कल्याणपुढे अंबरनाथची आयुध निर्माणी काडतुसांसाठी पितळी कप बनवते. हे पितळ ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त असं. कप टप्प्याटप्प्याने ओढून त्याची पुंगळी होते; दर ओढीला धातू कडक होतो, म्हणून मधूनमधून तापवावा लागतो. शेवटी गळा नरम हवा, पण बूड कडकच. स्फोटाचा दाब तेच झेलतं.

गळा नरम करायला तो वितळल्या क्षारात बुडवायची पद्धत मात्र उपरी. पोलादाच्या भट्ट्यांतली ही रीत परदेशातल्या, पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्या हौशी नेमबाजांनी उचलली. सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेटचं मिश्रण सुमारे २२० अंशांना वितळतं. ते ५०० अंशांच्या आसपास ठेवून त्यात गळा काही सेकंद धरायचा. ज्योतीवर तापवण्यापेक्षा यात आच सारखी लागते, पण पाण्याचा थेंब आत गेला तर तापलेला क्षार अंगावर उडतो. यातलं पोटॅशियम नायट्रेट म्हणजे सोरा, बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूतला मुख्य घटक! एकेकाळी पुंगळीच्या पोटात तोच असे.

एवढ्या थोड्या सेकंदांत पितळ पुरतं नरम होतं का, यावर हौशी मंडळींत वाद आहे. गळ्याच्या रंगावर भिस्त ठेवून तो मिटत नाही. कडकपणा मोजावाच लागतो.