डेबियन
डेबियन : लिनक्स गाभ्यावर आधारलेले मुक्त संगणक-प्रणालीचे एक जुने वितरण. इअन मरडॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याची घोषणा केली. त्याला मालक कंपनी नाही. जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात. प्रणाली शंभर टक्के मुक्त राहील, अशी हमी १९९७ च्या ‘सामाजिक करारा’त आहे आणि अनेक हौशी जाणकार डेबियनला जोडले जातात ते या हमीमुळेच.

लिनक्स वितरणांत गाभा तोच असतो; फरक असतो तो पॅकेजांची जुळणी, अद्यतनांचा वेग आणि निर्णय कोण घेते यांत. डेबियन वापरणाऱ्याचा स्वभाव तर एका फाइलीवरून कळतो. पॅकेजे कोठून घ्यायची हे सांगणाऱ्या ‘सोर्सेस.लिस्ट’मध्ये ‘स्टेबल’ लिहिणारा साधारण दोन वर्षांनी येणाऱ्या, कसून तपासलेल्या आवृत्तीवर निर्धास्त असतो. ‘सिड’ हे अस्थिर शाखेचे नाव लिहिणाऱ्याला रोज नवी पॅकेजे मिळतात आणि मोडलेले स्वतः दुरुस्त करण्याची तयारी ठेवावी लागते. ‘टॉय स्टोरी’तील खेळणी मोडणाऱ्या मुलाचे हे नाव अगदी चपखल आहे.

वापरणाऱ्यांची डेबियनविषयीची आपुलकी वरवरची नाही. लॅपटॉपवर डेबियनचे लाल भोवऱ्याचे बोधचिन्ह मिरवणारे लोक तत्त्वासाठी वेगळेही होतात. संगणक सुरू होताना सेवा चालवणाऱ्या ‘सिस्टमडी’वरून २०१४ मध्ये तीव्र वाद झाला आणि असंतुष्टांनी ‘डेव्हुआन’ हे स्वतंत्र वितरण काढले. उबुंटू (२००४) हे वितरणही डेबियनवरच उभे आहे. डेबियनची वार्षिक परिषद २०२३ मध्ये कोचीत भरली होती. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतही उपलब्ध आहे.