संताच्या घरातील श्रद्धा

परमेश्वर दयाळू आहे, हे विधान धर्मग्रंथात सहज करता येते. घरातील धान्य संपले असता ते करणे अवघड असते. धार्मिक वाङ्मयाची खरी परीक्षा ह्या दुसऱ्या ठिकाणी होते. मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना टीकाकारांचे लक्ष बहुधा धर्मांतराच्या प्रश्नावर खिळते. एखादा लेखक ख्रिस्ती का झाला, कोणाच्या प्रभावाने झाला, समाजाने त्याला कसे वागविले, ह्यांची चर्चा पुष्कळ झालेली आहे. परंतु धर्मांतर ही एका दिवसाची घटना असते आणि त्यानंतरचे आयुष्य अनेक वर्षांचे असते. त्या अनेक वर्षांत, दारिद्र्य, आजार, वियोग आणि मृत्यू ह्यांच्या सहवासात, ईश्वराच्या प्रेमावरील विश्वास कसा टिकला आणि त्याने मराठीत कोणते रूप धारण केले, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. ह्या प्रश्नाचे सर्वांत समर्थ उत्तर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मचरित्रात सापडते. त्याचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी त्यामागील परंपरा थोडक्यात पाहणे अवश्य आहे.

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ गोव्यात झाला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले. नवख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी ऐकण्यासारखे काही हाती आले नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठी स्टीफन्सने ओवीचा आश्रय घेतला आणि स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्यास तो कचरला नाही. ह्या एका शब्दाने मोठे कार्य साधले. नव्या देवाचे प्रेम परक्या भाषेतून यावयाचे नाही, ते जुन्याच ओवीतून, जुन्याच शब्दांतून कानावर पडेल, अशी ग्वाही श्रोत्यांना मिळाली. तथापि 'क्रिस्तपुराण' हे अखेर पुराण आहे. ईश्वराने मानवासाठी काय केले, ह्याचे ते कथन आहे. त्या ईश्वरावर भाव ठेवून संसार करणाऱ्या माणसाचे काय होते, हा त्याचा विषय नव्हे.

एकोणिसाव्या शतकात हा विषय गद्यात आला, परंतु तो प्रथम वादाच्या वेषात आला. १८५४ साली ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींची वृत्ती मूलतः चिकित्सकाची होती. 'यमुनापर्यटन' (१८५७) मध्ये त्यांनी हिंदू विधवांच्या दुःखाचे दर्शन घडविले आणि 'अरुणोदय' ह्या आत्मचरित्रात आपल्या मतांतराचा क्रमशः वृत्तांत दिला. 'अरुणोदया'तील श्रद्धा शंकेचे निरसन करीत पुढे जाते. एक एक जुनी समजूत तपासली जाते आणि बाजूस ठेवली जाते. हा प्रामाणिकपणा आदरणीय आहे. परंतु पटलेले मत आणि ठेवलेला विश्वास ह्यांत अंतर असते, आणि ते अंतर संकटकाळीच कळून येते.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत संकट मतांतराच्या पुष्कळ आधी आले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. पुढे १८८० साली बंधू आणि १८८२ साली पती निवर्तले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वयाच्या पंचविशीपर्यंत जिच्या जवळची जवळजवळ सर्व माणसे काळाने नेली, तिने ईश्वराला प्रेमळ म्हणावे, ह्यात भाबडेपणा पाहणे चुकीचे ठरेल. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि निराश्रित मुलींना घेऊन आल्या. केडगावचे 'मुक्ति' उभे राहिले ते ह्या मुलींसाठी. स्वतः दुष्काळात होरपळलेल्या स्त्रीने ईश्वराच्या चांगुलपणाचा काढलेला अर्थ असा होता: जे आपणांस मिळाले नाही, ते दुसऱ्यास मिळावे. उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले. अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशी सोपी भाषा त्यांनी जाणूनबुजून स्वीकारली. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, १९२२ साली त्या स्वतः गेल्या आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झाले. रमाबाईंची श्रद्धा कार्यात प्रकट झाली. परंतु ती एका असामान्य व्यक्तीची श्रद्धा होती, आणि सामान्य संसारातील रोजच्या ओढाताणीचे चित्र तिच्यात उमटणे शक्य नव्हते.

हे चित्र उमटण्यास मराठी भक्तिपरंपरेचा आणि ख्रिस्ती श्रद्धेचा संगम व्हावा लागला. तो नारायण वामन टिळकांच्या ठायी झाला. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला, आणि त्यातील गिरिप्रवचनाने त्यांचे मन वेधले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी कार्य केले. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे ते संपादक होते. त्यांच्या अभंगांत आणि पदांत ख्रिस्ताशी जे नाते दिसते, ते वारकऱ्याच्या विठ्ठलाशी असलेल्या नात्याच्या जातीचे आहे. देव राजा असण्यापेक्षा माउली आहे, त्याच्याशी रुसता येते आणि त्याच्या गळ्यातही पडता येते. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची गीते गाइली जातात, ह्याचे कारण ती ऐकताना मराठी मनाला परकेपणा वाटत नाही.

टिळकांनी परंपरेकडून केवळ छंद घेतला नाही, वृत्तीही घेतली. उद्याची चिंता न करणे हा गिरिप्रवचनातील उपदेश आणि संतांचे निष्कांचन जीवन ही दोन्ही त्यांनी एकत्र आणली. हाती आलेला पैसा गरजवंताला देऊन टाकावा, भेटलेल्या अनाथाला घरी आणावे, हा त्यांचा नित्यक्रम होता. १९१७ साली तर त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा उभय ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ निर्माण व्हावा, ही त्यामागील कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले.

येथे एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. संताने सर्वस्व देऊन टाकले म्हणजे ईश्वरावरील त्याचा विश्वास सिद्ध होतो. पण संध्याकाळी चूल कोणी पेटवावयाची? मराठी संतचरित्रांत ह्या प्रश्नाला एक ठराविक जागा आहे. तुकोबांच्या घरी तो आवलीच्या तोंडी येतो. चरित्रकारांनी तिला कजाग ठरविले, तिच्या तक्रारीला विनोदाचा विषय केले आणि तिच्या सहनशीलतेबद्दल तिला ओझरते श्रेय दिले. श्रद्धा पतीची आणि तिची किंमत पत्नीची, अशी ही वाटणी होती. बहिणाबाईंनी आत्मचरित्रपर अभंग लिहिले हे खरे. परंतु तेथे भक्त पत्नी आहे आणि विरोध पतीचा आहे. देऊन टाकणाऱ्या भक्ताच्या पत्नीने स्वतः लेखणी उचलून आपली बाजू सांगितली, असे मराठीत 'स्मृतिचित्रे'पर्यंत घडले नव्हते. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) मध्येही पत्नीचेच निवेदन आहे, पण तेथील घर न्यायमूर्तींचे आहे. रिकाम्या डब्यांचा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. त्यांचे बालपण पराकोटीच्या सोवळ्याच्या वातावरणात गेले. वडिलांच्या सोवळ्याला बाजारातून आलेला साधा जिन्नसही धुतल्यावाचून चालत नसे. शाळा त्यांनी पाहिली नाही. अक्षरओळख झाली ती विवाहानंतर. पतीच्या धर्मांतराची वार्ता हा त्यांच्यावर कोसळलेला आघात होता. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या पतीकडे गेल्या तेव्हाही स्वतःचे सोवळे आणि स्वतंत्र स्वयंपाक सांभाळूनच राहिल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळातील त्यांच्या मनाची वाटचाल हे 'स्मृतिचित्रे'चे हृदय आहे.

ती वाटचाल धर्मग्रंथांच्या तुलनेतून झाली नाही. ती पाण्याच्या भांड्यावरून झाली. माणसे जर एकाच देवाने निर्माण केली असतील, तर जातीचा भेद त्याने केला की माणसांनी, असा विचार त्यांच्या मनात आला. आणि तो माणसांनी केला आहे असे ठरताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या सिद्ध झाल्या. पदमनजींनी जे तर्काने सोडविले असते, ते लक्ष्मीबाईंनी स्वयंपाकघरात सोडविले. देव सर्वांचा असेल तर कोणाचाही हात विटाळाचा असू शकत नाही. ईश्वराचा चांगुलपणा त्यांना प्रथम प्रतीत झाला तो मतरूपाने नव्हे, आचरणातील एका बदलाच्या रूपाने. बालपणी ज्या घरात धुणे हाच धर्म होता, त्या घरातील मुलीच्या बाबतीत ह्या बदलाचा अर्थ किती खोल होता, हे सांगणे नलगे.

'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३६, चार भाग) वाचताना विनोद प्रथम जाणवतो, आणि टीकाकारांनी त्याची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. परंतु हा विनोद कशाचा आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. पतीच्या अव्यवहारीपणाच्या कथा त्या रंगवून सांगतात. भांडणे, रुसवे, पुन्हा जुळणे हे सर्व त्या झाकून ठेवीत नाहीत. आपल्याला राग आला, आपण रडलो, आपल्याला हे पटले नाही, असे त्या निःसंकोच लिहितात. ख्रिस्ती चरित्रांत ज्या गुळगुळीत समाधानाची अपेक्षा असते, ते येथे नाही. म्हणून काहींना हे पुस्तक मुख्यतः एका चमत्कारिक संसाराची हकीकत वाटते आणि त्यातील धर्म हा केवळ पार्श्वभूमी वाटतो. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. तक्रार आणि विश्वास ही परस्परविरोधी असतात, हे गृहीत धरल्यासच ती टिकते. मराठी भक्तीचा अनुभव ह्याच्या उलट आहे. नामदेव आणि जनाबाई देवाशी भांडतात, तुकोबा त्याला दूषणे देतात, आणि त्यांच्या निष्ठेविषयी कोणी शंका घेत नाही. जो ऐकेल अशी खात्री असते, त्याच्याशीच माणूस भांडतो. लक्ष्मीबाईंचे हसणे ह्याच खात्रीतून आलेले आहे. घर रिकामे झाल्याचा प्रसंग त्या हसत सांगू शकतात, कारण रिकामे घर हा शेवट ठरला नाही, हे त्यांनी पाहिलेले असते.

ह्या विश्वासाला निष्क्रियतेचा स्पर्श नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. देव देईल म्हणून लक्ष्मीबाई स्वस्थ बसत नाहीत. नगरकडील प्लेगच्या दिवसांत त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. त्यांच्या घरी परक्यांची मुले वाढली. ख्रिस्ती नसलेला तरुण कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, त्या घरी पुत्राप्रमाणे राहिला. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात त्याचा अंत झाला आणि वर्षभराने टिळकही गेले. प्रिय माणसे का जातात, ह्याचे उत्तर 'स्मृतिचित्रे' देत नाही आणि देण्याचा आवही आणीत नाही. दुःखाला देवाची योजना म्हणून समजूत घालण्याची सोपी वाट लेखिकेने टाळली. दुःख दुःखच राहते; त्याच्या शेजारी जेवणाची पाने मांडली जातात आणि दारी आलेल्याला आत घेतले जाते. ख्रिस्ताने शिकविलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली जाते ती आजची. वर्षाची बेगमी तिथे मागितलेली नाही. त्या मागणीचे मर्म, रोज भाकरी थापणाऱ्या स्त्रीइतके क्वचितच कोणाला उमगले असेल.

पतीच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी आणखी एक भार उचलला. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. अक्षरओळख उशिरा झालेल्या ह्या स्त्रीने त्याचे पुढील अध्याय रचले. कराचीतील वास्तव्य, वार्धक्य, प्रकृतीची कुरबूर ह्यांतून तिचे लेखन चालू राहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या, आणि 'ख्रिस्तायन' १९३८ साली प्रसिद्ध झाले. जो पती देऊन टाकीत राहिला, त्याचे अपुरे राहिलेले पूर्ण करण्याचे काम पत्नीकडे आले. ह्या वेळी ते काव्याच्या रूपाने आले, एवढाच फरक.

स्टीफन्सने ईश्वराच्या प्रेमाला मराठी शब्द दिले, पदमनजींनी त्याची चिकित्सा केली, रमाबाईंनी ते दुष्काळग्रस्तांपर्यंत नेले, टिळकांनी ते गाइले. लक्ष्मीबाईंनी त्याची किंमत मोजली आणि मोजलेली किंमत लिहून ठेवली. हिशेब मांडूनही जो विश्वास उरतो, त्याला अंधश्रद्धा म्हणता येणार नाही. मराठी संतचरित्रांतील आवलीची जागा तीनशे वर्षे मुकी होती. ती बोलू लागली तेव्हा देवाविषयीचा कडवटपणा तिच्या मुखातून निघेल, अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात ती पतीवर रागावली, प्रसंगांवर हसली आणि देवावरचा भाव तिने सोडला नाही. 'स्मृतिचित्रे'ची गणना मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत होतेच. ती मराठी भक्तिवाङ्मयातही झाली पाहिजे.