लॉरा (जुनी मोटारगाडी)

लॉरा : स्कोडा कंपनीची २००५ ते २०१३ या काळात भारतात विकली गेलेली मोटारगाडी. युरोपात हीच गाडी ऑक्टेव्हियाची दुसरी पिढी म्हणून ओळखली जाते. भारतात पहिली ऑक्टेव्हिया चालूच राहिल्याने हिला वेगळे नाव मिळाले. बाजारात तिला सेडान म्हणतात, पण डिकीचे झाकण मागच्या काचेसकट वर उघडते. तिची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत होई. शहरातल्या मुकुंदवाडीहून जालना रस्त्याने चिकलठाण्याच्या पुढे गेले की हा कारखाना लागतो. स्कोडाचे काम तिथे २००१ मध्ये सुरू झाले.

कारखाना गावातला, म्हणून दुरुस्तीही स्वस्तात होईल, असे जुनी लॉरा घेणाऱ्याला वाटते. तसे होत नाही. शेंद्र्यात मुख्यतः बाहेरून आलेल्या भागांची जोडणी होत असे. इंजिन आणि गिअरबॉक्स परदेशी बनावटीचे होते. त्यामुळे दीड-दोन लाखांना मिळालेल्या गाडीचा एकच भाग कधी कधी गाडीच्या किमतीला येऊन भिडतो.

सर्वांत मोठा खर्च डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा. डिझेल लॉरातला सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या दोन क्लचवर चालतो. त्याचे तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलावे लागतात. पहिल्या मालकाने हे काम केले, तरी दुसऱ्या-तिसऱ्या मालकापर्यंत ते बहुधा सुटते. मग गाडी थांबून निघताना झटका देते, गिअरचा आकडा लुकलुकतो, कधी रिव्हर्स पडत नाही. दोष बहुतेकदा मेकॅट्रॉनिक या नियंत्रक भागात असतो. तो नवा बसवायचा तर खर्च साधारण एक ते दोन लाख. दुरुस्त केलेला घेतला तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. ड्युअल-मास फ्लायव्हील क्लचसकट बदलायचे तर साठ हजार ते लाखभर लागतात, आणि हे फ्लायव्हील मॅन्युअल गाडीतही असू शकते. लॉराची जागा घेणाऱ्या, २०१३ नंतरच्या ऑक्टेव्हियाच्या १.८ पेट्रोल मॉडेलमध्ये सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी आला. सिग्नलमागून सिग्नल येणाऱ्या रस्त्यावर तो लवकर तापतो. २०१३ मध्येच स्कोडाची मालकी असलेल्या फोक्सवॅगन समूहाने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमध्ये या गिअरबॉक्सचे सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरून दिले, कारण उष्ण-दमट हवेत जुन्या तेलामुळे आत शॉर्टसर्किट होत होते.

सुरुवातीच्या १.९ डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर कॅमशाफ्टच दाबतो. त्या दाबाला टिकेल असे ५०५.०१ प्रमाणाचे ऑइल लागते. साधे डिझेल ऑइल घातले की कॅमशाफ्ट झिजतो, आणि हेडवरचे झाकण काढल्याशिवाय ते नीट कळत नाही. टायमिंग बेल्ट वेळेत न बदलता तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पंधरा-पंचवीस हजारांत पाण्याच्या पंपासह होणारे काम टाळल्याने अख्खे इंजिन बांधावे लागते. इतका सहज टाळता येणारा तोटा या गाडीत दुसरा नाही. नंतरचे २.० कॉमन रेल इंजिन अधिक शांत, पण ते फोक्सवॅगनच्या उत्सर्जन-घोटाळ्यात सापडलेल्या ईए १८९ या मालिकेतले. डिसेंबर २०१५ मध्ये समूहाने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या. त्यात ८८,७०० स्कोडाच्या होत्या. आज या इंजिनात धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने तुंबण्याची तक्रार नेहमीची आहे.

बाकी तक्रारी किरकोळ : लोअर आर्मचे बुश खडखडणे, काच खाली पडणे, दाराच्या लॉकमधला स्विच जाणे. ही कामे बाहेरच्या गॅरेजमध्ये काही हजारांत होतात. मेकॅनिककडे फोक्सवॅगन गाड्या वाचणारा स्कॅनर मात्र हवा. साधा स्कॅनर गिअरबॉक्सचे बरेच दोष दाखवत नाही.

गाडी पाहायला जाताना ती सकाळी थंड असतानाच सुरू करून घ्यावी आणि चढावर रिव्हर्स टाकून पाहावा. मीटरवरच्या आकड्यापेक्षा सर्व्हिसची बिले महत्त्वाची. डीएसजी तेलाचे बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करून बोलावे. पंधरा वर्षांनंतर आरसी नूतनीकरण आणि फिटनेस करावे लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आहे, हरित कर वेगळा. वीस वर्षे उलटलेल्या गाडीसाठी २०२५ मध्ये हे शुल्क १०,००० रुपये झाले, आणि २००५च्या लॉरा आता त्याच गटात मोडतात.