पंख्याची भट्टी आणि बिनकाट्याचा मासा

मागच्या भागानंतर एका ताईंनी विचारलं होतं, “मुलानं एअर फ्रायर आणून दिलाय. त्यात बासाचे फिले केले. मसाला नेहमीचाच, रव्यातही घोळवले. पण रवा पांढरा तो पांढराच राहिला आणि मासा खाली पाण्यात बसला. माझं चुकलं कुठे?”

ताई, तुम्ही तव्याची रीत तव्यासाठी न केलेल्या दोन वस्तूंना लावलीत, एवढंच झालं. तो मासा आणि ते यंत्र दोन्ही कुठून आले हे पाहिलं की रवा का रुसला ते कळतं.

आधी मासा. फिले म्हणजे काटा, डोकं, कातडी काढून उरलेला मांसाचा सपाट तुकडा. मूळ शब्द फ्रेंच. युरोप-अमेरिकेत असे तुकडे पूर्वीही कापत, पण ते घरोघरी गेले बर्फामुळे. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय नावाचा एक अमेरिकन माणूस 1912 नंतर काही वर्षं कॅनडाच्या लॅब्राडॉर किनाऱ्यावर राहत होता. तिथले इनुइट लोक बर्फाला भोक पाडून मासे धरत. बाहेरच्या कडाक्याच्या थंडीत मासा हातातच दगडासारखा गोठायचा, आणि कित्येक आठवड्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागायचा. बर्ड्‌सआयच्या लक्षात आलं की सगळी गंमत वेगात आहे. मासा सावकाश गोठला तर आतल्या पाण्याचे मोठे, टोकदार खडे होतात, ते मांस फाडतात, आणि वितळताना सगळं पाणी बाहेर येतं. झटकन गोठला तर खडे बारीक राहतात. पुढे त्यानं मॅसॅच्युसेट्सच्या ग्लॉस्टर बंदरात कारखाना काढला. तिथे माशाचे तुकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून थंडगार धातूच्या पट्ट्यांमध्ये दाबून गोठवत. 1930 च्या मार्चमध्ये स्प्रिंगफील्ड गावातल्या काही दुकानांत तो माल पहिल्यांदा गिऱ्हाइकांसाठी मांडला.

आता यात डोकं आणि काटे कशाला ठेवायचे? गोठवायला पैसे, वाहून न्यायला पैसे. शिवाय सपाट तुकडा खोक्यात नीट बसतो. म्हणून बिनकाट्याचा मासा ही खाणाऱ्याची जेवढी सोय, तेवढीच कारखान्याचीही.

दुसरी वस्तू यंत्र. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सैनिक विमानानं लांबलांबचे प्रवास करत. वर जेवण म्हणजे थंड सँडविच. विल्यम मॅक्सन या माणसानं त्यांच्यासाठी गोठवलेली ताटं तयार केली, एका कप्प्यात मांस, दुसऱ्यात भाजी, तिसऱ्यात बटाटा. ती विमानात गरम करायची कशी? 1945 च्या सुमारास त्यानं एक हलकी भट्टी बनवली आणि तिच्या मागे पंखा बसवला. गरम हवा नुसती साठून राहिली की पदार्थ हळू तापतो, तीच फिरवली की लवकर तापतो. फुंकर मारल्यावर चहा निवतो ना, त्याच्या उलट. मॅक्सन 1947 मध्ये वारला आणि त्याचा धंदा फार टिकला नाही, पण पंख्याची भट्टी बेकऱ्यांमध्ये आणि नंतर घरांत राहिली.

एअर फ्रायर तिचीच धाकटी बहीण. फ्रेड व्हॅन डर वाइ या डच माणसाला बटाट्याच्या फिंगर चिप्स तेलात न बुडवता कुरकुरीत करायच्या होत्या. त्यानं भट्टी लहान केली, वारा जोराचा केला, पदार्थ जाळीच्या टोपलीत ठेवला. 2010 मध्ये फिलिप्सनं बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र आणलं. तेव्हा गोठवलेला फिले आणि पंख्याची भट्टी यांचं गोत्र जुनंच आहे, गोठवलेल्या अन्नाचं. अनोळखी असेल तर आपला रवा.

“ऐंशी टक्के कमी तेल” ही जाहिरात तुम्ही ऐकली असेल. ती तुलना खोल तेलात तळलेल्या बटाट्यांशी होती. आपली सुरमईची तुकडी कढईत कधी बुडतच नाही. ती तव्यावर दोन-तीन चमचे तेलात, दोन्ही बाजूंनी, मंद आचेवर होते. आपल्या आया-सासवांनी तेल उधळलं आणि आता यंत्र येऊन वाचवतंय, असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. यंत्र वाचवतं ते बाईचं उभं राहणं. पंधरा माणसांची तुकडी एकेक करून उलटताना चेहऱ्यावर उडालेलं तेल मला आठवतं. तो वेळ सुटला तर मी यंत्राचे आभार मानीन, तेलाबद्दल नाही.

काही गोष्टी मात्र हातातून जातात. कोळणीकडे आपण मासा घेतो तेव्हा कल्ला उचलून पाहतो, डोळा पाहतो, बोटानं दाबतो. फिलेला कल्लाही नाही नि डोळाही नाही. पाकिटावरची तारीख वाचायची, झालं. डोकं कालवणात जायचं, ते नाही. कोयत्यावर मासा कापून देणाऱ्या मावशीचं त्या कापण्यावरचं उत्पन्नही नाही. आणि बासा म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा त्याचा चुलतभाऊ, पंगास. मूळ मेकाँग नदीकडचा, गोड्या पाण्यातला. 1990 च्या दशकात बांगलादेशातून आपल्याकडे आला, आणि आज आंध्रातल्या तळ्यांत भरपूर वाढवतात. खाऱ्या पाण्याच्या माशाची चव त्यात शोधू नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा मीही पाकीट आणते, लपवत नाही.

तर ताई, तुमचा रवा. तव्यावर रव्याच्या कणांभोवती तेल असतं, ते उष्णता कणापर्यंत नेतं, म्हणून तो सोनेरी होतो. नुसत्या वाऱ्यात कोरडा रवा वाळतो, भाजत नाही. म्हणून रव्यात आणि तांदळाच्या पिठात चमचाभर तेल आधीच चोळून घ्या. भज्यासारखं पातळ पीठ लावू नका, ते जाळीतून गळतं.

आणि पाणी. गोठवलेला मासा रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या, बाहेर ओट्यावर नको. मग बोंबलाचं जे करतो तेच करायचं. बोंबील चिरून पाट्याखाली दडपतो ना पाणी निघायला? फिले नाजूक, त्याला पाट्याचं वजन सोसणार नाही. स्वच्छ फडक्यात गुंडाळून हातानं दाबा, फडकं भिजलं की दुसरं घ्या. हळद, मीठ, तिखट, आलं-लसूण आणि आगळ लावलं तर दहा-पंधरा मिनिटंच ठेवा, नाहीतर मीठ पुन्हा पाणी काढतं. यंत्र आधी पाच मिनिटं 200 अंशांवर तापवा. तुकडे एकमेकांवर न ठेवता मांडा, मध्ये वाऱ्याला वाट हवी. बोटाएवढ्या जाडीला दहा-बारा मिनिटं, अर्ध्यावर एकदा उलटायचं. सुरीच्या टोकानं दाबल्यावर पाकळ्या सुटल्या की झालं. चार माणसांना दोन खेपा लागतील; पहिली खेप झाकून ठेवू नका, वाफेनं मऊ पडेल.